पांढऱ्या मशिनानं तारलं, काळ्यानं मारलं

हसणार असाल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. मागाहून शर्टावर सांडला तर मला बोलायचं नाही.

लोकांच्या सोयरिकी कशावरून मोडतात? पत्रिकेवरून, मानपानावरून, नाहीतर कुणाच्या तरी चुलत्याला पंगतीत जिलेबी कमी वाढली म्हणून. माझी मोडायला आली होती एका साध्या प्रश्नावरून. "ह्या दोन मशिनांत चांगलं कुठलं?" बास, एवढाच प्रश्न! आणि दोन्ही मशिनं माझ्याच हाताखालची. मीच पुसतो, मीच चालू करतो, मीच बंद करतो. तरी मी त्या दिवशी जी उत्तरं दिली ना... हो, उत्तरं. एका प्रश्नाची चार-पाच तरी दिली असतील.

पण मुळापासून सांगतो. मधूनच सुरू केलं की माझाच गोंधळ होतो.

मी धनाजी. शाळा नववीत सुटली. मला बोलायची लाज फार. मास्तर हजेरी घ्यायचे, तेव्हा माझं 'हजर' तोंडातून बाहेर येईपर्यंत पुढची नावं सुरू झालेली असायची. म्हणजे मी रोज शाळेत, आणि रोज गैरहजर! शेवटी मी विचार केला, नाहीतरी गैरहजरच आहे, तर घरी बसू.

आता मी मलकापुरात आण्णांच्या गेम सेंटरवर असतो. आण्णा म्हणजे मालक, पण ते उसातून क्वचितच बाहेर येतात. एक लांबडी खोली, दोन टीव्ही, दोन सोफे आणि टीव्हीखाली गेमची दोन मशिनं. एक पांढरं, एक काळं. दोन वेगळ्या कंपन्यांची, आणि कंपन्या एकमेकींच्या पक्क्या वैरी. त्यांची नावं मी घेत नाही. गिऱ्हाईकही घेत नाही. "पांढऱ्यावर बसू का काळ्यावर?" असंच विचारतात, जशी काही दावणीला खोंडं बांधलीत.

तुम्ही म्हणाल, दोन्हींवर गेमच खेळायची, मग फरक काय? हे आमच्या दुकानात मोठ्यानं बोलू नका! पांढरेवाले आणि काळेवाले अशी दोन गावंच झालीत. परवा दोन पोरांनी ह्यावरून एकमेकांची कॉलर धरली. दोघंही मला विचारत होती, "सांग धन्या, खरं कुणाचं?" मी दोघांनाही "व्हय" म्हणालो.

आता रोजच्या वापराचं म्हणाल तर पांढरं अंगानं आडदांड. उभं ठेवलं की पाहुण्यांत रुसलेल्या जावयासारखं ताठ, आडवं ठेवलं तर कप्प्यात मावत नाही. त्याचा रिमोट हातात थरथरतो. टीव्हीत पाऊस पडला तर इकडं तळहाताला गुदगुल्या! पहिल्या दिवशी शॉक बसला असं वाटून मी तो फेकला होता. फक्त चार्जिंग टिकत नाही. मग वायरीला बांधून खेळायचं, खुंट्याच्या म्हशीसारखं.

काळं म्हणजे नुसता चौकोनी डबा. आवाज नाही, गडबड नाही. चालू आहे का बंद, हे हात लावून बघावं लागतं. आमच्या गल्लीतली मांजर उबेला त्याच्यावर येऊन झोपते, पांढऱ्याकडं बघतही नाही. आता मांजरीचं मत धरायचं का, हे तुम्ही ठरवा. ह्याचा रिमोट सेलवर चालतो. सेल संपला की मी भिंतीवरच्या घड्याळातला काढून घालतो. त्यामुळे काळ्यावर गिऱ्हाईक बसलं की आमच्या दुकानात वेळ थांबते.

एकटं गिऱ्हाईक आलं तर समोर जोडीला मी बसतो. आणि हरतो. मुद्दाम! आण्णांनी सांगूनच ठेवलंय, "गिऱ्हाईक हरलं की परत येत न्हाई गड्या." शिवाय आपल्याकडं वडीलधाऱ्याला हरवतात का कधी? पाहुण्याला तर नाहीच नाही. म्हणून मी कायम मागं सरत आलो. पण मनातून मला त्याचा फार अभिमान होता. वाटायचं, आपण एकदा मनावर घेतलं तर काय करून दाखवू! फक्त घेत नाही. माणुसकी म्हणून.

हे वाक्य ध्यानात ठेवा. पुढं माझी लाज ह्याच वाक्यानं काढली.

तर मामांनी माझ्यासाठी स्थळ आणलं. मुलगी तासगावकडची. नाव पूनम, शिकलेली. वडील फौजेतून सुभेदार होऊन आलेले. मामांनी त्यांना काय सांगितलं असेल? "पोरगं निर्व्यसनी हाय, आन दोन परदेशी मशिनं एकट्याच्या ताब्यात हायत त्याच्या!"

सुभेदार मुलीला घेऊन आमच्या घरी आले. पोहे झाले, चहा झाला. मी खाली मान घालून गप्प. आमच्या आईनं ह्याला 'शांत स्वभाव' असं नाव दिलं. सगळं छान चाललं होतं. मीही मनात म्हणालो, असं न बोलताच लग्न झालं तर किती बरं!

तेवढ्यात सुभेदार उठले. "घर बघितलं, रान बघितलं. पण जवान घरात बघू नये, पोस्टवर बघावा. चला, मशिनं दाखवा."

"मी बी येते आप्पा," पूनम म्हणाली.

मामांचा चेहरा पडला. मलकापूरपर्यंत सुभेदारांची जीप पुढं, आणि मागं मामांच्या गाडीवर मी. सगळ्या रस्त्यात मामा मान मागं वळवून ओरडत होते, "धन्या, पाव्हणं म्हणतील त्याला व्हय म्हणायचं! आन खेळायला बसलं तर हरायचं! कळलं का?"

हरायचं? ते तर माझं रोजचं काम! मी निवांत झालो. तिथंच चुकलं.

सुभेदार दुकानात शिरले ते तपासणीला आल्यासारखे. पहिली नजर भिंतीवर.

"घड्याळ बंद हाय."

"व्हय जी," मी म्हणालो. "त्याचा सेल काळ्यात हाय."

"कशात?"

"काळ्यात."

मामा मधे पडले, "आवं, बचत करतंय पोरगं! बचत!"

सुभेदारांनी दोन्ही मशिनांना फेरी घातली. "मला वाटलं लेथ मशीन असंल," एवढंच म्हणाले. मामा छताकडं बघायला लागले. पूनम मात्र जुनी ओळख निघाल्यासारखी काळ्याकडं बघून हसली. का हसली, ते मला तेव्हा कळलं नाही.

"दोन कशाला?" सुभेदारांनी विचारलं.

"दोन कंपन्यांची हायत."

"मग चांगलं कुठलं?"

आला बघा प्रश्न! मी म्हणालो, "दोन्ही."

"दोन रायफली कवाच सारख्या नसत्यात. वापरणाऱ्याला बरोबर कळतं. तू रोज वापरतोस. बोल, कुठलं?"

मी मामांकडं बघितलं. मामा अजून छतातच. शेवटी तिथूनच म्हणाले, "पाव्हणं, तुमीच खेळून बघा की!"

मग मी पांढऱ्यावर कुस्तीची गेम लावली. टीव्हीत दोन पैलवान, एक तांबडा, एक निळा. सुभेदार तांबडे, मी निळा. त्यांच्या हातात रिमोट दिला, तशी त्यांची बोटं आपोआप खालच्या बटणावर गेली. "आरं, हिला रायफलीसारखा घोडा हाय की!" म्हणाले आणि दाबत सुटले. तांबड्यानं माझ्या निळ्याला धरून आपटला. सुभेदारांच्या हातात रिमोट थरथरला. "पूनम, जित्ती हाय ही! हातात उडती बघ!"

मी काही केलंच नाही. निळ्याला उभा ठेवला आणि मार खाऊ दिला. थोड्या वेळात सुभेदार जिंकले. मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "मशीन एक नंबर!"

मामांनी मला डोळा मारला. मला वाटलं, अक्षताच पडल्या!

"आता ते काळं लावा."

काळं लावलं. तीच गेम, तोच तांबडा, तोच निळा. मी सुभेदारांसाठी रिमोट काढून ठेवला होता. पण मामांना कुठला धीर! त्यांनी माझ्या हातातला ओढला, "आधी पाव्हण्यांना रं!" म्हणत सुभेदारांना दिला, आणि त्यांच्यासाठी ठेवलेला माझ्या हातात कोंबला. इथं नीट लक्ष द्या. रिमोटांची अदलाबदल झाली. म्हणजे आता तांबडा मी, आणि सुभेदार निळे. ही गोष्ट दुकानात सगळ्यांना कळली, मला सोडून.

खेळ सुरू झाला. मी आपला नेहमीसारखा बटणाला हात न लावता बसलो. बघतो तर काय, निळा ठोसे मारतोय! मी हादरलो. अरे, मी तर काहीच दाबत नाही, मग माझा निळा पाहुण्यांना मारतो कसा? मशीन बिघडलं का? आता त्याला थांबवायचं कसं? घाबरून मी दिसेल ते बटण दाबलं.

आणि तांबड्यानं निळ्याला एक ठेवून दिली!

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, चला, पाहुणे सावरले. आणखी दाबलं. निळ्यानं आणखी खाल्ली. वा! मी जितकी बटणं दाबतोय, तितका माझा निळा मार खातोय! काळ्या मशिनात हरायला कष्ट पडतात, पण हरता येतं. मग मी दोन्ही हातांनी, दात-ओठ खाऊन, कपाळाचा घाम पुसत हरायला लागलो. शेजारी सुभेदार 'आरं, आरं' करत होते. मला वाटलं, आनंदानं.

निळा आडवा झाला. मी ताडकन उठलो, सुभेदारांचा हात हातात घेतला आणि जन्मात पहिल्यांदा मोठ्यानं बोललो, "जिंकला तुमी सुभेदारसाब! काय मारलंय त्याला! उठूच दिला न्हाई!"

मामांनी तोंड फिरवलं. मांजरसुद्धा काळ्यावरून उतरून गेली.

"मी निळा हुतो," सुभेदार म्हणाले.

मी टीव्हीकडं बघितलं. हातातल्या रिमोटाकडं बघितलं. एक बटण दाबून बघितलं. तांबड्यानं खाली पडलेल्या निळ्याला आणखी एक लाथ घातली.

"आप्पा, त्यास्नी म्हाईत नसंल," पूनम तोंडावर रुमाल धरून म्हणाली.

"न्हाई, न्हाई," मामा धावले. "आवं, मशीनच खराब हाय ते! काळं खराब, पांढरं झकास!"

सुभेदारांना ते पटलं. ज्याच्यावर जिंकलो ते चांगलं, हरलो ते खराब. जगात कुणाचं वेगळं असतं? ते माझ्याकडं वळले. "तुझं बी हेच मत?"

पाहुणे म्हणतील त्याला व्हय. "व्हय जी. काळं एकदम खराब."

"आमच्या दादाकडं काळंच हाय," पूनम म्हणाली. "मी बी रोज खेळते. काय खराब हाय हो त्यात?"

आता आली का पंचाईत? हिच्याशी तर जन्म काढायचा! "तसं खराब न्हाई," मी म्हणालो. "काळं चांगलं हाय. लय शांत हाय."

"मग पांढरं खराब?" सुभेदार.

"न्हाई, पांढरं बी चांगलं. पर ते थरथरतंय."

"मघाशी मला तेच आवडलं हुतं."

"मला बी तेच आवडतंय! पर त्याला वायर लागती. काळ्याला सेल लागतो. सेल घड्याळाचा हाय. म्हणून मांजर..."

मांजर मी कुठून आणली, हे मला आजवर कळलेलं नाही. मामांनी डोक्याला हात लावला.

सुभेदार हळूच म्हणाले, "पोरा, मशीन कुठलं का असंना, मला काय घ्यायचं न्हाई. पर मला जावई पायजे, होयबा न्हवं. उद्या माझ्या पोरीला कोण काय बोललं, तर तू त्याला बी व्हय म्हणशील, आन तिला बी व्हय म्हणशील."

आईनं घरी साखरेचा डबा काढून ठेवला होता. होकार आला की गल्लीत वाटायला.

"थांबा आप्पा," पूनम म्हणाली. "मी खेळते ह्यांच्याबरोबर."

ती निळा रिमोट... म्हणजे निळ्याचा रिमोट घेऊन बसली. मी तांबडा. ह्यावेळी मी बटण दाबून आधी खात्री करून घेतली. आणि बायमाणूस, त्यात पाहुणी, त्यात होणारी बायको! तिला कसं हरवायचं? मी तांबड्याला उभा ठेवला.

तिनं दोन ठोसे मारले आणि एकदम थांबली. टीव्हीकडं नाही, माझ्या हातांकडं बघत होती.

"तुमची बोटं वर हायत. तुमी मुद्दाम हरताय."

मी बोटं पटकन बटणांवर टेकवली.

"मघाशी पांढऱ्यावर आप्पास्नी बी असंच जिंकवलं व्हय?"

आता काय बोलू? मी नुसती मान हलवली. ती होकारार्थी हलली.

सुभेदारांचा चेहरा बघवेना. मिशीवरचा हात खाली आला. "म्हंजी मी जिंकलोच न्हाई? तू मला सूट दिलीस? मला?" आणि ते दाराकडं निघाले. "चल पूनम. मांडलेली कुस्ती जो खरी खेळत न्हाई, त्याचा संसार कसा खरा असंल?"

"आप्पा, एक डाव," पूनम म्हणाली. मग माझ्याकडं वळून, "आता खरं खेळायचं. सगळा जोर लावून. मला हरवलं तरी मी रडणार न्हाई."

सुभेदार दारातच थांबले.

इतकी वर्षं मी ज्या क्षणासाठी दबा धरून बसलो होतो, तो आला होता! म्हटलं, धनाजी, आज दाखवच ह्यांना. आजवर माणुसकी केली, आज कुस्ती कर. बाह्या वर सारल्या. देवाचं नाव घेतलं. आणि सगळ्या बोटांनी तुटून पडलो.

तिनं मला उचलला आणि टाकला.

"परत मुद्दाम?" ती चिडली.

"न्हाई!" मी ओरडलो. "देवाशपथ न्हाई!"

दुसरा डाव. उचलला, फिरवला आणि टाकला.

"काळ्याची सवय नसंल त्याला," मामा म्हणाले. "पांढऱ्यावर घ्या."

पांढऱ्यावर घेतलं. तिथं तर मी उभा राहतोय तोवर आडवा! रिमोट थरथर कापत होता. मशीन कापत होतं का मी, ते सांगता येत नाही. घाम रिमोटावर ठिपकत होता. आणि गंमत बघा, दारातले सुभेदार कधी माझ्या पाठीशी येऊन उभे राहिले कळलंच नाही. "उठ! उठ रं मर्दा! डावीकडनं घे! पाय धर तिचा! म्हंजी निळ्याचा!" ते लाल होऊन ओरडत होते. मी उठत होतो, आणि पडत होतो.

शेवटी पूनमनंच रिमोट खाली ठेवला. तिला दया आली.

सुभेदार दम खात माझ्यासमोर बसले. "धनाजी. शेवटचं इचारतो. चांगलं कुठलं?"

माझ्याजवळ आता कुणाला खूश करण्याइतकं अवसानच उरलं नव्हतं. मामांकडंही बघितलं नाही. म्हणालो, "मला न्हाई सांगता येत आप्पा. दोन्हींवर मी सारखाच हरलो. मला वाटत हुतं मी मुद्दाम हरतोय. पर मला खेळताच येत न्हाई."

सुभेदार असे हसले, असे हसले, की बाहेरचा पानवाला आत डोकावला.

"हे झालं सरळ उत्तर!" त्यांनी मामांच्या मांडीवर थाप मारली. "पोरगं लबाड न्हाई हो! मला वाटलं, हे मला सूट देतंय. ह्याला खरंच कायबी येत न्हाई! म्हंजी पांढऱ्यावर मी खराच जिंकलो!"

मामा छाती काढून म्हणाले, "मग! मी पैल्यापासनं सांगतोय! कायबी येत न्हाई त्याला!"

माझ्या बाजूनं मामा इतक्या अभिमानानं आधी कधी बोलले नव्हते.

निघताना पूनमनं काळ्याच्या रिमोटातला सेल काढला, स्टुलावर चढून घड्याळात घातला आणि काटे फिरवून वेळ लावली. आणि आईनं त्याच संध्याकाळी गल्लीत साखर वाटली.

साखरपुडा झाला. सुभेदार जाईल तिथं ही कुस्ती रंगवून सांगतात. तासगावात सांगून झाली, मग मलकापुरातही आली. मी आता कुणाला सूट देत नाही. समोर म्हातारं असो, पाहुणं असो, अगदी जीव तोडून खेळतो.

आणि दुकानातलं पांढऱ्या-काळ्याचं भांडण पार मिटलंय. गिऱ्हाईक दारातूनच विचारतं, "धन्या कुठल्या मशिनावर बसलाय? त्याच्या समोरची जागा आमाला द्या. ते मशीन लय भारी हाय, त्याच्यावर कुणीबी जिंकतंय!"